दोन गिअरांवरून चारवर

आज १९६६च्या शेव्हरोले इम्पालाचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स उतरवला. शेव्हरोलेनं तो १९५० साली आणला. ऑटोमॅटिक, दणकट, पण गिअर दोनच. अमेरिकेच्या आजच्या हायवेवर त्याच्यामुळे गाडीचं इंजिन सतत चढ्या आवाजात पळत राहतं.

त्याच्या जागी १९८२ सालचा ७००आर४ गिअरबॉक्स येतोय. गिअर चार; चौथ्याचं प्रमाण ०.७०, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे आरपीएम जवळपास तीस टक्क्यांनी कमी. पहिला ३.०६चा, त्यामुळे सिग्नलवरून गाडी झेप घेत निघेल.

काम मात्र जिवापाड लक्ष मागतं. टॉर्क कन्व्हर्टर हातानं फिरवत फिरवत आत सरकवायचा. पंपाच्या खाचा जुळल्या की तो खट्‌कन आणखी आत जातो. तो पुरता बसायच्या आधीच बोल्ट आवळले, तर पंप फुटतो. कार्बुरेटरला जोडलेली टीव्ही, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची, केबल ढिली राहिली, तर तेलाचा दाब पडतो आणि आतले क्लच जळतात. नवा बॉक्स लांबीला जास्त, म्हणून प्रॉपेलर शाफ्टही आखूड हवा.

अस्सलपणा जपणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणून मूळ शाफ्ट कापणार नाही, दुसरा करून घेईन; पॉवरग्लाइडही पुसून, गुंडाळून ठेवेन. पुढच्या मालकाला सगळं पूर्ववत करता आलं पाहिजे. पण चालवायची भीती वाटावी इतकं जपणं मला पटत नाही. गाडी रस्त्यासाठी बनली आहे. तिला लांबच्या प्रवासाला नेता येणं हेच माझ्या लेखी खरं जतन.