चार रकाने

सन 2024 सालची सहामाही परीक्षा नुकतीच आटोपली होती व दिवाळीची सुटी लागावयास तीन-चार दिवसांचा अवकाश होता. अशा दिवसांत मुलांचे चित्त अभ्यासात नसते, हे कोणाही शिक्षकास ठाऊक आहे. इयत्ता नववीच्या वर्गात मी पाऊल टाकले, तो तेथे दोन तट पडलेले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 5 नोव्हेंबर रोजी अध्यक्षाची निवडणूक व्हावयाची होती, आणि तिच्यातील उमेदवारांवरून आमच्या ह्या लहानशा गावातील मुलांत कडाक्याचा वाद चालला होता. एकाच्या मते त्याचा उमेदवार बोलण्यात खंबीर. दुसऱ्याच्या मते त्याच्या उमेदवाराचे हसणे प्रसन्न. मी विचारले, "बरे, पण ह्या उमेदवारांचे म्हणणे तरी काय आहे?" तेव्हा दोन्ही तट एकदम गप्प झाले.

विद्यमान उमेदवारांविषयी वर्गात निकाल देणे शिक्षकास शोभत नाही, असे माझे मत आहे. मुलांनी आपले डोळे उघडावेत. शिक्षकाचे डोळे उसने घेऊ नयेत. म्हणून मी त्याच देशाच्या एका जुन्या निवडणुकीचा आश्रय केला. सन 1860 च्या त्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी चार उमेदवार उभे होते, आणि देशापुढे मुख्य प्रश्न एकच होता. पश्चिमेकडील जे विस्तीर्ण प्रदेश अद्याप राज्ये झाले नव्हते, त्यांत गुलामगिरीस शिरकाव द्यावा की नाही, हा तो प्रश्न. फळ्यावर मी चार रकाने आखले. त्यांवर नावे लिहिली नाहीत. केवळ अ, ब, क व ड ही अक्षरे लिहिली, आणि प्रत्येकाखाली त्या उमेदवाराचे म्हणणे थोडक्यात मांडले, ते येणेप्रमाणे:

अ: नव्या प्रदेशांत गुलामगिरीचा प्रसार होऊ देऊ नये; मात्र ज्या राज्यांत ती आधीपासून आहे, तेथे मध्यवर्ती सरकारने हात घालू नये.

ब: हा प्रश्न मध्यवर्ती सरकारने सोडवू नये, प्रत्येक प्रदेशातील रहिवाशांनी आपापल्यापुरता निर्णय करावा.

क: गुलाम ही धन्याची मालमत्ता आहे, ती त्याने कोणत्याही प्रदेशात न्यावी, व सरकारने तेथे तिचे रक्षण करावे.

ड: देशाची राज्यघटना, राज्यांची एकी व कायद्याची अंमलबजावणी ह्यांवाचून दुसरे तत्त्व आम्हांस मान्य नाही. (गुलामगिरीविषयी एक शब्दही नाही.)

मग मी मुलांस कागदाच्या चिठ्ठ्यांवर मते देण्यास सांगितले. वर्गात एक्केचाळीस मुलेमुली होती. 'क' ला एकही मत पडले नाही. 'अ' ला तेरा, 'ड' ला नऊ, आणि 'ब' ला एकोणीस! मी कारणे विचारली. 'ब' च्या बाजूचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, लोकांनी मते देऊन ठरवावे हेच लोकशाहीस धरून आहे." 'ड' च्या बाजूची मुलगी म्हणाली, "भांडण होऊ नये म्हणून तो गप्प आहे. तो शहाणा माणूस दिसतो." ही उत्तरे टाकाऊ नव्हती. खरे सांगावयाचे तर, हीच उत्तरे 1860 साली पुष्कळ सज्जनांनी दिली होती.

इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. ही मुलगी वर्गात क्वचितच बोलते. ती म्हणाली, "सर, 'ब' च्या रकान्यात रहिवाशांनी ठरवावे असे लिहिले आहे. त्या रहिवाशांत गुलाम धरले आहेत काय?"

मी सांगितले, "नाही." त्या वर्षीच्या शिरगणतीत अमेरिकेत गुलामांची संख्या 39 लाख 53 हजारांवर भरली होती, परंतु त्यांपैकी एकासही मत नव्हते. स्त्रियांसही मत नव्हते. त्यांना सर्व देशभर तो हक्क पुढे 1920 साली मिळाला. मुलगी म्हणाली, "मग ज्याच्यावर हे बेतणार, त्याला कोणी विचारलेच नाही." एवढे बोलून ती खाली बसली. मला जे अर्ध्या तासात समजावून द्यावयाचे होते, ते तिने एका वाक्यात सांगून टाकले होते.

मी मुलांस पुन्हा मते देऊ दिली. ह्या वेळी 'अ' ला तिसांवर मते पडली. तथापि एका मुलाने उचित आक्षेप काढला, "पण सर, 'अ' नेही जुन्या राज्यांतील गुलामांस वाऱ्यावरच सोडले आहे." मी त्यास शाबासकी दिली, कारण त्याचे म्हणणे खरे होते. सर्वथा निर्दोष असा रकाना मतदारापुढे बहुधा येत नाही. जे रकाने समोर असतील त्यांतून न्यायाच्या अधिक जवळचा निवडावा, आणि त्यात काय उणे आहे हेही लिहून ठेवावे, म्हणजे मत दिल्यानंतर मागणे काय मागावयाचे ते विसरावयास होत नाही.

मग मी नावे सांगितली. 'अ' म्हणजे अब्राहम लिंकन, 'ब' स्टीफन डग्लस, 'क' त्या वेळचे उपाध्यक्ष जॉन ब्रेकिनरिज, व 'ड' टेनेसीचे जॉन बेल. डग्लस ह्यांचा उपाय गोड दिसे, पण तो आधी अजमावून झाला होता. त्यांच्याच पुढाकाराने 1854 साली झालेल्या कायद्यान्वये कॅन्सस प्रदेशाचा निर्णय तेथील रहिवाशांवर सोपविण्यात आला. तेव्हा शेजारच्या मिसूरी राज्यातून हत्यारबंद लोक सीमा ओलांडून आले, मते टाकून परत गेले, आणि पुढे त्या प्रदेशात रक्तपात झाला. म्हणजे उमेदवार काय म्हणतो एवढे पाहून भागत नाही. ते पूर्वी करून पाहिले तेव्हा काय घडले, हेही विचारावे लागते.

शिवाय त्या काळी मताची चिठ्ठी सरकार छापीत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची चिठ्ठी छापून वाटी, व मतदार ती सर्वांदेखत पेटीत टाकी. चारही नावे एका कागदावर शेजारी शेजारी मांडलेली त्यास दिसतच नसत. दक्षिणेकडील दहा राज्यांत तर लिंकन ह्यांना एकही मत पडले नाही. तेथे त्यांच्या चिठ्ठ्याच मिळत नव्हत्या. लिंकन ह्यांनी स्वतः त्या निवडणुकीत प्रचाराची भाषणे केली नाहीत. 1858 साली डग्लस ह्यांच्याशी त्यांचे जे सात जाहीर वादविवाद झाले होते, ते 1860 साली पुस्तकरूपाने छापलेले होते. ज्यास त्यांचे मत जाणावयाचे त्याने ते वाचावे. वाचणाऱ्यास सर्व काही मोकळे होते. प्रश्न वाचण्याचाच होता.

6 नोव्हेंबर 1860 रोजी निवडणूक झाली. अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या 303 मतांपैकी लिंकन ह्यांना 180, ब्रेकिनरिज ह्यांना 72, बेल ह्यांना 39 व डग्लस ह्यांना 12 मते मिळाली. लोकांच्या मतांत मात्र लिंकन ह्यांचा वाटा शेकडा 40 हून किंचित कमीच होता. पुढे दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली, 1861 साली युद्ध पेटले, आणि चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे मेली. 1865 च्या डिसेंबरात घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी कायमची बंद झाली. जे जॉन बेल मौन धरून बसले होते, त्यांसही युद्ध पेटताच एक बाजू धरावी लागली, व त्यांनी फुटून निघालेल्यांची धरली. रिकामा रकाना हा रिकामा राहत नाही. वेळ आली की तो कोणीतरी भरतो, आणि तेव्हा मतदारास विचारण्यात येत नाही.

ही दूर देशीची गोष्ट आपल्या महाराष्ट्रास परकी नाही. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले महात्मा जोतीराव फुले ह्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला, आणि गुलामांस मुक्त करण्याच्या कामी त्यांनी जो स्वार्थत्याग दाखविला त्याचा गौरव केला. कोठे तरी सातासमुद्रांपलीकडे झालेल्या न्यायाने येथील एका माणसास आपल्या दाराशी चाललेला अन्याय ओळखता आला.

तास संपत आला, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, तुम्ही मत देण्यापूर्वी असे रकाने आखता काय?" शिक्षकाने वर्गात खोटे बोलू नये. मी त्यास "उद्या सांगतो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी जे सांगितले, तेच येथे लिहितो.

मी प्रथम मत दिले ते 1999 साली. त्या वर्षी उन्हाळ्यात माझे आजोबा प्रभूच्या ठायी विसावले होते. विधानसभेस उभे राहिलेले एक गृहस्थ त्यांच्या अंत्यविधीस आले होते, आणि कबरीपाशी उभे राहून त्यांनी आमच्याबरोबर मूठमाती दिली होती. आमच्या घरातील सर्वांनी त्यांनाच मत द्यावयाचे ठरविले. मीही दिले, व मोठे कर्तव्य केल्याच्या आनंदात घरी आलो. ते गृहस्थ निवडून आले. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यापासून आमच्या वस्तीजवळचा तलाव फेब्रुवारीतच तळ दाखवू लागला, व तलावाच्या पाझरावर जगणारी आमची विहीर आटली. माझी आई अर्धा कोस चालून डोक्यावरून पाणी आणू लागली. आम्ही सर्व त्या गृहस्थांस दोष देत असू. त्यांनी आम्हांस फसविले, असे मी चारचौघांत बोलून दाखवीत असे.

काही वर्षांनी नाताळपूर्वी घर झाडताना मी फडताळातील जुने कागद काढले. आईने फळीवर जो कागद अंथरला होता, तो त्या गृहस्थांचे निवडणुकीचे पत्रक होता. त्यावरील पिठाची भुकटी झाडून मी ते प्रथमच वाचले. तिसऱ्या कलमात स्वच्छ छापले होते की, तलावाचा कालवा वाढवून खालच्या अंगाच्या गावांतील बागायतीस बारमाही पाणी देण्यात येईल. त्यांनी दिलेला शब्द पाळला होता. तो शब्द आमच्या घरात, आमच्या भाकरीच्या टोपलीखाली, इतकी वर्षे पडून होता. त्यांनी फसविले नव्हते. आम्ही वाचले नव्हते. मी पदवीधर होतो, आणि तरी वाचले नव्हते. ही लाज मला आजही आहे.

त्यांनी दाखविलेली माया खोटी होती, असे मी म्हणत नाही. दुःखाच्या वेळी आलेल्या माणसाचे उपकार मानावेत, त्यास पाणी द्यावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. परंतु मत हे उपकाराची परतफेड नव्हे. ते ज्यांच्या जिवावर बेतते, त्यांच्या वतीने दिलेले वचन आहे.

पालकहो, आपल्या देशात राष्ट्रपतींची निवड आपण प्रत्यक्ष करीत नाही. ती संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात. म्हणून आपले रकाने आमदार व खासदार ह्यांच्या निवडणुकीतच आखावे लागतात. ह्यास फार विद्वत्ता लागत नाही. एक वहीचे पान घ्यावे. डाव्या बाजूस आपल्या गावाचे तीन प्रश्न लिहावेत, वर उमेदवारांची नावे लिहावीत, आणि पत्रके, भाषणे व पूर्वीची कृती पाहून खाने भरावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 व 2003 सालच्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, शिक्षण व आपणावरील फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रात सांगावे लागतात. ते कोणासही पाहावयास मिळते. जो खाना रिकामा राहील त्यास कोरा सोडू नये. तेथे "बोलत नाही" असे लिहावे. आणि तळाशी त्या मुलीचा प्रश्न लिहावा: ह्याचा भार कोणावर पडणार, व त्यास कोणी विचारले काय? दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेला जखमी मनुष्य कोणाच्याही मोजदादीत नव्हता. मत देताना आपली दृष्टी त्याच्याकडे जावी, असे मला वाटते.

20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेची निवडणूक झाली. तिच्या आदल्या रात्री मी एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूस रकाने आखले. आई आता माझ्याजवळच असते. तिला बारीक अक्षर दिसत नाही. मी तिला सर्व पत्रके मोठ्याने वाचून दाखविली. मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी कोणास मत द्यावयाचे ते आम्हांस आधीच सांगून ठेवले होते. आईने सर्व ऐकून घेतले, मधूनमधून "हे पाण्याचे पुन्हा वाच" म्हणाली, आणि निजावयास गेली. सकाळी आम्ही दोघे मिळून मतदानास गेलो.

तिने कोणास मत दिले ते मी विचारले नाही, व तिने मला विचारले नाही. वाटेत ती एवढेच म्हणाली, "तुझ्या वर्गातल्या पोरांना मत नाही ना अजून? मग त्यांच्यासाठी आपणच नीट बघायला हवे."