एक डबी घ्यायची होती

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये आम्हा चौघांच्या वाद्यवृंदाने तीन गाणी वाजवली, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर आठ आवर्तने नुसत्या गिटारची होती आणि ती मी वाजवली. हे मात्र कुणालाच आठवणार नाही. कारण ती कुणाला ऐकूच आली नाहीत! पडदा पडला, आमचा गोकाककडचा ड्रमवाला घाम पुसत माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "निन्न गिटार केळसलिल्ल लेऽ!" तुझी गिटार ऐकूच आली नाही, हे वाक्य कन्नडमध्ये ऐकले काय नि मराठीत ऐकले काय, लागते सारखेच.

पण खरे लागले ते नंतर. निपाणीहून आई आली होती. आई बिड्या वळते. एका दिवसाचे काम बुडवून, शेजारणीकडून पिशवी मागून घेऊन, तवंदीचा घाट चढून ती बेळगावला आली होती आणि तिसऱ्या रांगेत अवघडून बसली होती. बाहेर आल्यावर माझ्या हातात चिवड्याची पुडी देत म्हणाली, "छान झालं रे. पण तू कवा वाजवलास?"

पुढच्या महिन्यात तिची भिशी लागली. त्यातले तीन हजार तिने माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "आवाज वाढवायचं काय असतंय ते घे." तीन हजार रुपये म्हणजे किती बिड्या हा हिशेब मला चांगला येतो. म्हणूनच तो इथे करत नाही.

आता वाचकांपैकी ज्यांनी गिटारवाल्याच्या पायाशी कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तिथे साबणाच्या डबीएवढ्या धातूच्या डब्या पडलेल्या असतात. गिटारमधून निघालेली वायर डबीत शिरते, तिथून अ‍ॅम्प्लिफायरला जाते. डबीवर पाय दिला की आवाजात फरक पडतो. हिला पेडल म्हणतात. पेडलचे प्रकार पन्नास. माझ्यापुढे होते दोन. एक बूस्ट. गिटारचा नाजूक विद्युतसंदेश जसा आहे तसाच मोठा करून ती पुढे पाठवते. दुसरी ओव्हरड्राइव्ह. ही संदेश मोठा तर करतेच, पण त्याची वर-खाली गेलेली टोके आतल्या डायोडांकडून दाबून बोथट करते. टोके बोथट झाली की स्वर जरा खरखरीत, भरदार आणि लांबणारा होतो. ही खरखर लोकांना इतकी आवडली की १९६४ साली डेव्ह डेव्हिस या इंग्रज पोराने ती मिळवण्यासाठी स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. आमच्या कॉलेजच्या स्पीकरवर असा प्रयोग केला असता तर माझे नाव वेगळ्याच फळ्यावर लागले असते.

माझे मत ठरलेले होते: बूस्ट. आवाज ऐकू येत नाही, तर आवाज वाढवा. इतका सरळ विचार करायला पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला बसावे लागत नाही. गणपत गल्लीजवळच्या एका दुकानात हार्मोनियमच्या पट्ट्या आणि ढोलकीच्या पुड्यांच्या शेजारी एक चंदेरी बूस्ट होती. दुकानदाराने ती लावून दाखवली. आवाज झाला मोठा. "बघा की, किती मोठा येतंय!" मालकही खूश, मीही खूश. पैसे मात्र हॉस्टेलवर राहिले होते, म्हणून ती डबी त्या दिवशी माझ्या हाती आली नाही. त्या विसराळूपणाचे उपकार मी अजून मानतो.

तेवढ्यात सुट्टी लागली. अ‍ॅम्प्लिफायर बसच्या टपावर टाकून मी निपाणीला गेलो.

निपाणीला माझे मामा आहेत. दिवसा तंबाखूच्या वखारीत कामाला आणि लग्नसराईत नि गणपतीत बेंजो पार्टीत. बेंजो म्हणजे गोऱ्या लोकांचा कातडी मढवलेला बँजो नव्हे. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणे डाव्या हाताने दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. त्याचा मूळ पुरुष जपानी. १९१२ साली नागोया शहरात ताइशोगोतो नावाने जन्मला. तो हिंदुस्थानात आला, मुरला, आणि आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवून वरातीपुढे उभा केला. आई मामांची धाकटी बहीण. तिचे सगळे लहानपण बेंजोच्या तारा जुळताना ऐकण्यात गेले आहे.

मामांना मी बूस्टचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी पार्टीची तालीम होती. ताशा, ढोलक, ऑक्टोपॅड आणि मामांचा बेंजो. मामा म्हणाले, "रस्त्याच्या पल्याड जाऊन हुबा ऱ्हा. बेंजो ऐकू आला की हात वर कर."

मी जाऊन उभा राहिलो. ताशा सुरू झाला. मामांची बोटे चालत होती हे दिसत होते. ऐकू येत होते ते ताशाचे. मामांनी वाकून आवाजाची कळ फिरवली. काही तरी किणकिणले, पण चाल कळेना. आणखी फिरवली. स्पीकर गुरगुरायला लागला आणि पलीकडच्या घरातली म्हातारी बाहेर आली. हात वर करावा असे मला वाटेना. मग मामांनी आवाज होता त्याहून खाली आणला आणि पायाजवळच्या, नाव पुसून गेलेल्या एका डबीवर अंगठा दाबला. आणि काय सांगू! ताशाच्या मधून वाट काढत चाल सरळ माझ्यापर्यंत आली, एकेक स्वर मोजून घ्यावा अशी. मी दोन्ही हात वर केले.

"ही तुमची डबी कुठली?" मी विचारले.

"कुठली का असंना. आवाज कमी हाय म्हणून ऐकू येत न्हाई असं नसतंय लेका. तुझ्या आवाजाला जागा न्हाई म्हणून ऐकू येत न्हाई."

मग त्यांनी माझ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे मोर्चा वळवला. त्यावर बास, मिडल, ट्रेबल अशा तीन कळा. माझा बास पूर्ण, ट्रेबल पूर्ण, आणि मिडल शून्यावर. हॉस्टेलच्या खोलीत एकट्याने वाजवताना हे फार भव्य लागते. खाली ढगांचा गडगडाट, वर काचांचा खळखळाट. मामांनी शून्यावरच्या कळीवर बोट ठेवले.

"ह्ये मधलं का मारलंयस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

सुट्टी संपल्यावर मी हा सारा प्रकार आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांना सांगितला. ते हसले आणि फळ्याकडे गेले. माझा अ‍ॅम्प्लिफायर वीस वॅटचा. कानाला आवाज दुप्पट वाटावा तर शक्ती साधारण दसपट लागते. म्हणजे दोनशे वॅट. ती डबीतून येणार कुठून? गॅदरिंगच्या दिवशी माझी आवाजाची कळ आधीच टोकाला होती. त्याच्यापुढे बूस्ट लावली असती तर अ‍ॅम्प्लिफायर आणखी मोठा झाला नसता, नुसता गुदमरला असता. राहिला जागेचा प्रश्न. गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ८२, सर्वांत बारीक तारेची ३३०. आमच्या वाद्यवृंदात खालचा मुलूख बास गिटारने आणि ड्रमने व्यापलेला, वरचा झांजांनी. गिटारला मोकळा होता तो मधला. आणि तेवढाच मी स्वतःच्या हाताने शून्यावर नेऊन ठेवला होता!

ओव्हरड्राइव्हच्या नावाजलेल्या डब्यांत नेमकी हीच गोष्ट साधलेली आहे. आयबानेझ कंपनीची हिरवी टीएस-८०८ ही १९७९ सालची आणि बॉसची पिवळी एसडी-१ ही १९८१ सालची. दोन्ही जपानी, म्हणजे मामांच्या बेंजोच्या भाऊबंदच म्हणायच्या. त्यांत टोके बोथट करण्याआधी खालचे जाड स्वर कमी केले जातात, नाही तर सगळा चिखल होतो. नंतर टोनच्या कळीने वरची किरकिर आवरता येते. उरतो तो मधला भाग, आणि तो फुगून पुढे येतो. जुने जाणते वाजवणारे तर या डबीची ड्राइव्हची कळ जवळजवळ बंद ठेवतात आणि लेव्हलची पूर्ण उघडतात. म्हणजे ओव्हरड्राइव्हलाच बूस्ट म्हणून वापरतात. पण मध्याकडे कललेली बूस्ट.

सर एवढ्यावर थांबते तर ते सर कसले! त्यांनी विचारले, "मिरजेला गेला आहेस कधी?"

गेलो होतो. मावशीच्या तंबोऱ्याची जवारी काढून आणायला. तिथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गल्ली होती तशीच अरुंद आहे) एक कारागीर मांडीवर तंबोरा घेऊन घोडीवर कानस फिरवत होता. दोनदा घासायचे, तार छेडायची, ऐकायचे. पुन्हा एकदा घासायचे. घोडीच्या पाठीला अगदी सौम्य उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर अलगद टेकते आणि सुटते. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला की एका जागी येऊन तंबोरा एकाएकी बोलू लागतो. मघाची मुकी तार स्वयंभू गंधार ऐकवू लागते. कारागिराने तार जोराने छेडली नव्हती. आवाज वाढलाच नव्हता. तो उजळला होता.

सरांनी सांगितले की या घोडीवर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली शोधनिबंध लिहिला आहे. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद पडतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे निघता कामा नयेत. वीणेत आणि तंबोऱ्यात ते निघतात. कारण घोडी तारेला सरळ वागू देत नाही. "तुझे डायोडसुद्धा संदेशाला सरळ वागू देत नाहीत," सर म्हणाले, "म्हणून जिथे नव्हते तिथे उपस्वर येतात." तुलना अगदी काटेकोर नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले. जवारी एका तारेची असते. डबीत सहाही तारा एकदम शिरतात आणि एकमेकींत मिसळून नवे, अनाहूत स्वर काढतात. म्हणून ओव्हरड्राइव्हवर षड्ज-पंचमाची जोडी गोड लागते, आणि चार-पाच स्वर एकदम दाबले की भांडण. सुळेभावीसारख्या गावाने १९२४ साली कुमार गंधर्व दिले, त्या जिल्ह्यात उभा राहून मी जवारी आणि डायोड यांची सोयरीक जुळवतो आहे. जाणकारांनी क्षमा करावी.

डबी मात्र बेळगावात माझ्या पैशात बसेना. शेवटी ओळखीने कळले की पणजीत एक हॉटेलात वाजवणारा वादक आपले जुने सामान काढतो आहे. चोर्ला घाटाने गेलो. त्याच्याकडे पिवळी एसडी-१ होती, कोपरे झिजलेली. पण शेजारीच एक बूस्टही होती, आणि त्याने आधी तीच लावली, स्वतःच्या व्हॉल्व्हच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर. खोटे कशाला बोलू, माझा निश्चय डळमळला. व्हॉल्व्ह आधीच काठावर तापलेले होते. बूस्टने त्यांना नुसता धक्का दिला आणि ते स्वतःच गायला लागले. पिवळ्या डबीत नसलेले काही तरी त्यात होते. असा अ‍ॅम्प्लिफायर ज्याच्या घरी आहे त्याने खुशाल बूस्ट घ्यावी. ज्याची खरखर आधीच जमलेली आहे आणि फक्त एकल वादनापुरता आवाज उचलायचा आहे, त्यानेही घ्यावी. पण तिथे ती खरखरीच्या डबीनंतर लावावी. आधी लावली तर आवाज वाढत नाही, नुसता दाटतो. मी खिशातल्या पैशांवर हात ठेवून विचारले, "हीच घेऊ का?"

त्याने माझा अ‍ॅम्प्लिफायर कोणता ते विचारले. मी सांगितले. तो बूस्टची वायर काढत म्हणाला, "हें तुज्या अ‍ॅम्पाक उपकारचें ना." आणि पिवळी डबी पुढे सरकवली. दोन हजार आठशे. दोनशे उरले ते परतीच्या गाडीला लागले.

यंदाचे गॅदरिंग हा अंक छापून झाल्यावर आहे, तेव्हा तिथे काय होईल ते तुम्हीच पाहाल. पण परवा शनिवारी निपाणीला गेलो होतो. रात्री जेवणे झाल्यावर आई भिंतीला टेकून मांडीवर सूप घेऊन बसली. पाने कापलेली होती, बोटे आपोआप चालत होती. मी दुसऱ्या कोपऱ्यात अ‍ॅम्प्लिफायर बारीक करून बसलो. मिडल वर, ड्राइव्ह अगदी थोडी. तीच आठ आवर्तने. गल्लीत कुणाचे तरी टीव्हीवर क्रिकेट चालू होते, त्यामुळे आईला काही ऐकू जात असेल असे मला वाटले नाही. मी तिला विचारलेही नाही.

दुसऱ्यांदा वाजवून झाले तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "एक तार उतरलीया जणू."

मी एकेक तार लावून पाहिली. दुसरी उतरली होती.