जुन्या विमानाचे आराखडे लावताना

अंबडच्या होळकरकालीन पुष्करणीची डागडुजी करायची झाल्यास पायऱ्यांचे दगडच आपले माप सांगतात. जुन्या विमानाचे लाकूड मात्र कुजलेले आणि धातू गंजलेला असल्याने मूळ आराखड्यांवाचून गत्यंतर नसते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून जुहूला टपाल आणले ते पस मॉथ आणि १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, ज्यातून त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला ते लेपर्ड मॉथ, ही दोन्ही विमाने डी हॅविलँड कंपनीचीच. परंतु पहिल्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, तर दुसऱ्याचा प्लायवुडचा असल्याने त्यांचे कागद एकमेकांत मिसळले, तर काम फसते. त्याहून नाजूक प्रश्न आवृत्तीचा, म्हणजे एकाच आराखड्याच्या सुधारित प्रतीचा. पस मॉथचे पंख उड्डाणातच निखळून अपघात झाल्यावर पंखाच्या आधारदांडीला आणखी एक लहान दांडी जोडण्यात आली, म्हणून क्रमांक, दिनांक व सुधारणा नोंदवणारी कोपऱ्यातील शीर्षकचौकट आधी वाचावी लागते. घडी घातलेल्या निळ्या प्रतीत हीच चौकट बाहेरच्या बाजूला राहून सर्वांत जास्त झिजते. अशी प्रत बाद न करता शेजारच्या भागांच्या मापांशी ताडून तिचा काळ ठरवावा, मग त्यात कितीही दिवस जावोत.