बर्फाखालच्या हिरव्या रेघा

आम्ही मिनिआपोलिसच्या पश्चिमेला राहतो. आजूबाजूला पायी जाण्यासारखी बरीच तळी आहेत. डिसेंबरात ती गोठतात आणि मार्चपर्यंत त्यांच्यावर लाल-निळे तंबू उभे असतात. लोक बर्फाला भोक पाडतात, त्यात गळ सोडतात आणि बसतात. मी देवगडची, त्यामुळे गळ मला नवा नव्हता. बाबा जेटीवर गरवायला जात तेव्हा मीही मागे लागून जायचे. तिथे तंगूस, म्हणजे गळाची दोरी, बोटावर धरली की पाण्याची ओढ लागते, भरती चढतेय की उतरतेय ते समजतं, खाली खेकडा आमिष कुरतडतोय की मासा टोचतोय तेही समजतं. गोठलेल्या तळ्यात बर्फाखाली पाणी जवळजवळ निश्चल असतं, आणि उणे वीस अंशांत उघड्या बोटावर तंगूस धरून बसता येत नाही. बोटाचं हे काम इथे सोनार करतं, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं दाखवणारं यंत्र.

मला ते शिकवलं आमच्या शेजाऱ्यांनी. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. यंत्राला हात लावण्याआधी त्यांनी माझ्या हातात पहार दिली. काठापासून काही पावलं चालायचं, पहार मारायची, जाडी पाहायची, मग पुढे. मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचं सांगणं असं, की नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ किमान 4 इंच असेल तरच पायी जावं आणि लहान मोटार न्यायची तर 9 ते 10 इंच हवा. हिमाचं पाणी होऊन पुन्हा गोठलेला पांढरा बर्फ कमकुवत असतो, त्याची जाडी दुप्पट धरावी. सोनारवर पाण्याची खोली कळते, पायाखालचा बर्फ किती आहे ते कळत नाही. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुढे प्रत्येक वेळी सांगितलं.

भोक पाडायला विजेवर चालणारं गिरमिट असतं, साधारण आठ इंच व्यासाचं. ते बर्फातून आरपार गेलं की भोकातून पाणी उसळतं आणि वर बर्फाचा चुरा तरंगतो. तो काढायला झारा लागतो, अगदी आपण भजी काढतो तसला, फक्त लांब दांड्याचा. चुरा नीट काढला नाही तर त्यात अडकलेल्या हवेमुळे यंत्राला धड काही दिसत नाही. मग केबलला बांधलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राचा आवाज सोडणारा भाग, भोकातून खाली सोडायचा. त्याचं तोंड बर्फाच्या खालच्या कडेपेक्षा थोडं खाली आणि बरोबर तळाकडे असलं पाहिजे. तिरका राहिला तर पुढचं सगळं वाचन तिरकं होतं.

शेजाऱ्यांचं यंत्र फ्लॅशर जातीचं आहे. त्याला गोल तबकडी असते, घड्याळासारखे आकडे असतात, पण ते फुटांचे. ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो. तो ठोका तळाला, माशाला, गळाला आपटून परत येतो आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. गार गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,400 मीटर धावतो. म्हणजे 24 फुटांवरच्या तळापर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग लागतो. तबकडीवर त्या अंतरापाशी एक रेघ उजळते. प्रतिध्वनी क्षीण असेल तर हिरवी, मध्यम असेल तर नारिंगी, जोरदार असेल तर लाल. माशाचं चित्र नाही, शेपूट नाही, काही नाही. फक्त रेघा.

पहिल्यांदा हे बघणाऱ्याला वाटतं की लाल म्हणजे मोठा मासा. रंगाचा माशाच्या आकाराशी थेट संबंध नाही, हे समजल्यावर गाडी पुढे सरकते. ट्रान्सड्यूसरमधून निघालेला आवाज नसराळ्यासारखा खाली रुंदावत जातो. आमच्या ट्रान्सड्यूसरचा कोन 19 अंशांचा आहे. त्यामुळे 24 फूट खोलीवर तो जवळपास 8 फूट रुंदीचं वर्तुळ व्यापतो. या वर्तुळाच्या कडेला मोठा मासा असला तरी रेघ हिरवीच उमटते, आणि मधोमध, गळाच्या शेजारी, बोटभर मासा आला तरी ती लाल होऊ शकते. म्हणून रंग पाहायचा तो बदलताना. हिरवी रेघ नारिंगी झाली, नारिंगीची लाल झाली, म्हणजे कुणीतरी तुमच्या आमिषाकडे येतंय.

सगळ्यात जास्त शिकायला लागतं ते गेनच्या बटणाशी. गेन म्हणजे परत आलेला आवाज यंत्राने किती वाढवून ऐकायचा ते. नवशिक्याचा हात तो वाढवण्याकडेच जातो, कारण वाढवलं की तबकडी भरून जाते आणि खाली पुष्कळ काही आहे असं वाटतं. शेजाऱ्यांची रीत उलटी. ते गेन शून्यावर आणत, तळाची जाड लाल पट्टी तेवढी उरे. मग गळ सोडत आणि गेन इतकाच वाढवत, की टंगस्टनचा, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा गळ एक बारीक रेघ होऊन दिसावा. बस्स, तिथे हात काढायचा. गळ दिसतोय म्हणजे त्याच्याजवळ येणारा मासा दिसणारच. आपलीच रेघ आधी शोधायची आणि तिच्यावरून बाकीच्या ओळखायच्या, या एका सवयीवर सगळं उभं आहे असं माझं मत झालं आहे.

पुढची पायरी म्हणजे काठी आणि तबकडी एकत्र चालवणं. जानेवारीतली एक दुपार मला स्पष्ट आठवते. तळ 26 फुटांवर, माझा गळ 20 वर. 23 फुटांपाशी एक हिरवा ठिपका लुकलुकला, गेला, परत आला. मी काठीचं टोक थरथरवत होते, तशी माझी रेघही थरथरत होती. ठिपका नारिंगी झाला आणि 22 वर आला. शेजारी म्हणाले, ‘‘आता थांबू नकोस, वर घे. हळू.’’ मी गळ इंच इंच उचलू लागले. 19, मग 18. ती रेघ मागून चढत आली, लाल होत, आणि माझ्या रेघेत मिसळली. तबकडीवर दोघांची मिळून एकच रेघ राहिली. ‘‘आता तबकडी सोड, काठीचं टोक बघ.’’ टोक खाली वाकलं नाही, किंचित वर उचललं गेलं. क्रॅपी हा मासा खालून येऊन आमिष तोंडात घेतो आणि वरच जातो, त्यामुळे गळाचं वजन एकदम नाहीसं होतं. मी काठी उचलली आणि भोकातून चंदेरी अंगावर काळे ठिपके असलेला, तळहाताहून मोठा क्रॅपी बाहेर आला. मला झालेला आनंद त्या माशाच्या आकाराशी मुळीच जुळणारा नव्हता.

क्रॅपीचे डोळे वरचं पाहण्यासाठी चांगले असतात. गळ त्याच्या खाली गेला की तो बहुधा निघून जातो. हे पुस्तकात वाचून कळतं, पण तबकडीवर लाल रेघ वळून हिरवी होताना आणि मग विझताना पाहिली की पक्कं बसतं. आणखी एक गोष्ट या यंत्रामुळे डोक्यात शिरली: हिवाळ्यात मासे खाली नसतात असं क्वचितच होतं. ते येतात, बघतात आणि नाकारतात. थंड पाण्यात त्यांचं सगळं जगणं मंदावलेलं असतं, भूक कमी असते. यंत्र नसताना त्या नकाराचा पत्ताच लागत नाही आणि माणूस उगाच जागेला दोष देतो. आता रेघ आली आणि गेली, की मी आमिष बदलते, हलवणं कमी करते, कधी काठी नुसतीच स्थिर धरते.

संध्याकाळी तबकडीवर वेगळंच काही सुरू होतं. सूर्य कलला की तळापासून हिरवी धूसर झालर उठायला लागते आणि हळूहळू वर चढते. मला ती यंत्रातली गडबड वाटली होती. त्या असतात चिलटासारख्या एका कीटकाच्या पारदर्शक अळ्या. दिवसा त्या तळाच्या गाळात किंवा गाळाजवळ राहतात आणि अंधार पडताना वर येतात. त्यांच्या अंगात हवेच्या छोट्या पिशव्या असतात आणि हवा आवाजाला जोरात परतवते, म्हणून इतका बारीक जीव सोनारवर उमटतो. माशाचाही मुख्य प्रतिध्वनी त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरूनच येतो. त्या हिरव्या झालरीमागोमाग क्रॅपी येतात, अळ्या खायला. काळोख पडतानाचा तो तास तंबू गुंडाळून घरी जाण्यात घालवू नये.

एका रविवारी बर्फावरूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना तबकडी दाखवली, बर्फ दाखवला, झारा दाखवला. त्यांना नवल वाटलं ते बर्फाचं, यंत्राचं नाही. त्यांचे मित्र ट्रॉलरवर तांडेल होते आणि मासे शोधायची यंत्रं कोकणातल्या ट्रॉलरवर कधीचीच आलेली आहेत. जपानच्या फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये असं व्यवहारात चालणारं पहिलं यंत्र काढलं, ते कोळ्यांच्या बोटींसाठीच. छंद म्हणून गळ टाकणाऱ्यांच्या हातात ते पुढच्या दशकात अमेरिकेत आलं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘‘तळ कसलो? चिखल काय खडप?’’ मी तोपर्यंत तळाच्या पट्टीकडे फक्त खोलीसाठी पाहत होते. शेजाऱ्यांना तो प्रश्न सांगितला तेव्हा ते खूश झाले आणि पुढच्या शनिवारी मला मिल लॅक्सला घेऊन गेले. मोठं तळं आहे ते, पण खोली कुठेच 42 फुटांच्या फार पुढे जात नाही, आणि तळाशी चिखलाचे सपाट उंचवटे आहेत, खडी आहे, दगड आहेत. एकाच गेनवर वेगवेगळ्या भोकांत यंत्र ठेवून त्यांनी दाखवलं. दगडगोट्यांवर तळाची पट्टी ठसठशीत लाल येते आणि दुप्पट खोलीवर तिचा दुसरा प्रतिध्वनीही दिसतो. चिखलावर ती मऊ, फिकी होते आणि दुसरा प्रतिध्वनी येत नाही. जिथे चिखल संपून कठीण तळ सुरू होतो, त्या कडेला वॉलआय मासे फिरतात. बाबांचा प्रश्न देवगडच्या समुद्राचा होता, उत्तर मिनेसोटातही तेच निघालं.

शेजारच्या तंबूत दुसरं यंत्र चालू असलं की त्याचे ठोके आपल्या तबकडीवर गरगरतात. त्यासाठी एक बटण असतं, ते रेघा स्थिर होईपर्यंत फिरवायचं. बॅटरी थंडीत लवकर उतरते, तिला पिशवीत गुंडाळून न्यावं.

2018 पासून समोरचं पाणी थेट चित्रासारखं दाखवणारी सोनार यंत्रंही मिळू लागली आहेत. त्यात मासा कुठे पोहतोय ते दुरून दिसतं आणि माणसं भोकं पाडत त्याचा पाठलाग करतात. मी ती वापरून पाहिली. ताकद अफाट आहे, पण शिकायला साधी तबकडीच बरी असं मी मनापासून सांगेन. रेघांवरून विचार करावा लागतो आणि तो विचार आपल्याजवळ राहतो.

आता मला जे सर्वांत आग्रहाने सांगायचं आहे ते. हिवाळ्यात क्रॅपी तळ्यातल्या खोल खड्ड्यांत गोळा होतात आणि सोनारवर 35-40 फुटांवर त्यांचे थवे लाल होऊन दिसतात. मोह होतोच. पण 34 फुटांवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून मासा भराभर वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी दुपटीने फुगते. क्रॅपी, पर्च, वॉलआय या माशांना ती हवा तोंडावाटे सोडून देता येत नाही. जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे बाहेर येतात. असा मासा परत भोकात सोडला तरी बहुतेकदा जगत नाही. मिनेसोटात क्रॅपी माणशी 10 ठेवता येतात, काही तळ्यांवर त्याहून कमी. तेव्हा तळ 30 फुटांखाली दिसला तर एक तर गिरमिट उचला आणि उथळ पाण्याकडे चला, नाही तर जेवढे खायचे तेवढेच मासे काढा, लहान-मोठा न निवडता ठेवा, आणि तेवढे झाले की खाली कितीही लाल रेघा दिसत असल्या तरी यंत्र बंद करा.