विशीने परत बोलावलं



परवा संध्याकाळी सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत खाली मुलांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. चेंडू बॅटला लागला की नाही! मी वर तांदूळ निवडत बसले होते, आणि एकदम दादाच आठवला.

1980 चा फेब्रुवारी. मी तेव्हा बी.कॉम.ला. वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सुवर्णमहोत्सवी कसोटी होती. 16 तारखेला सूर्यग्रहण, म्हणून चक्क सामन्यालाच सुट्टी. आई म्हणायची, आपल्यात ग्रहण पाळत नाहीत. तरी गच्चीवर काही जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा रेडिओला चिकटलेला. आपले 242, त्यांचे 58 वर पाच गेलेले. पुढे कपिलच्या चेंडूवर अंपायरने बॉब टेलरला झेलबाद दिलं. पण स्लिपमध्ये आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ उभा होता. बॅट लागलेलीच नाही, अशी त्याची खात्री. त्याने अंपायरला सांगून टेलरला परत बोलावलं! मग टेलर आणि बोथमने 171 धावांची भागी केली. आपण दहा गडी राखून मार खाल्ला. खरं तर बोथमने शतक ठोकलं, शिवाय तेरा बळी घेतले, एकट्या विशीचा काय दोष? पण दादाला कोण सांगणार! हरलो त्या दिवशी सूर्यास्त झाला तरी त्याचं ताट तसंच. विशीची कर्णधार म्हणून ती शेवटचीच कसोटी ठरली.

पुढे बऱ्याच वर्षांनी बाबा गेले. महिन्याभरात त्यांचे एक जुने व्यापारी स्नेही आले. म्हणाले, बाबांनी माझ्याकडून चाळीस हजार घेतले होते. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. मी कॉमर्सवाली ना! रोजकीर्द, खतावणी सगळं उलथंपालथं केलं. एकही नोंद नाही. "कुठे लिहिलंय ते दाखवा," म्हटलं. वयाने वडील माणसाला.

दादा शांतपणे म्हणाला, "ताई, बाबा मला बोलले होते. द्यायचेत."

दिले. निम्मे माझ्या वाट्यातले गेले. मी दोन दिवाळ्या त्याच्याशी धड बोलले नाही. तेव्हा मुलीचं लग्न तोंडावर होतं, पण ते कारण पुरेसं नव्हतं, हे आज लिहिताना कळतंय.

दादाला जाऊन आता तीन वर्षं झाली. क्षमावाणीला दरवर्षी 'उत्तम क्षमा' म्हणायचो एकमेकांना, पण त्या चाळीस हजारांचं नाव मी कधी काढलं नाही. आणि तो? टीव्हीवर विशी दिसला की शेवटपर्यंत चिडायचा. "अंपायरने आउट दिला होता ना? मग कशाला बोलवायचं परत!"