करड्या आभाळातलं डाकोटा

अब्बांना काचबिंदू असल्याचं २०१९ च्या उन्हाळ्यात कळलं. त्याआधी दोन वर्षं ते दाराच्या चौकटीला खांदा आपटत होते, ताटाच्या कडेची वाटी कलंडवत होते. आणि आम्ही दोघं, दोघंही बी.एड. झालेले शिक्षक, त्यांना सांगत होतो, "चष्म्याचा नंबर वाढला असेल अब्बा, दहावीच्या परीक्षा उरकल्या की दाखवू." काचबिंदूत बहुतेक वेळा डोळा दुखत नाही, लाल होत नाही. मागची नस हळूहळू निकामी होते, आधी बाजूचं दिसणं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघांनीही अब्बांकडे बघायचं टाळलं. मंगरूळपीरला परतताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "ते डाकोटा एकदा उडताना बघायचं राहिलं."

डाकोटाचं वेड मरहूम दादांकडून आलेलं. दादा नागपूरला टपाल खात्यात सॉर्टर होते. रफी अहमद किदवई दळणवळण मंत्री असताना, १९४९ च्या जानेवारीअखेर, रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत विमानं आपापल्या गावाकडे वळायची. मद्रासहून निघालेलं दिल्लीचं पत्र आमच्या नागपुरात गाडी बदलायचं म्हणा ना! अब्बा सात-आठ वर्षांचे असताना दादा त्यांना एका रात्री टपालाच्या गाडीतून सोनेगावला घेऊन गेले. डाकोटाचं शेपूट जमिनीला टेकलेलं आणि तोंड वर असतं. कंदिलांच्या उजेडात ते मान वर करून बसलेल्या बैलासारखं दिसलं, असं अब्बा सांगतात. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की आमची मुलं ती अब्बांच्या आधी संपवतात.

तर २०१८ मध्ये अब्बांनी वर्तमानपत्रात वाचलं, की जुनं डाकोटा दुरुस्त होऊन वायुसेनेत परत आलं आहे. राजीव चंद्रशेखर या खासदारांनी ते भंगारातून विकत घेऊन इंग्लंडात उभं करवलं आणि वायुसेनेला भेट दिलं. त्यांचे वडील वायुसेनेत डाकोटा चालवायचे. त्याला 'परशुराम' नाव मिळालं आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटणीचे पहिले जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा हा क्रमांक. ते कात्रण अब्बांच्या उशीखाली होतं.

अब्बांची धाकटी लेक साहिबाबादला दिली आहे, हिंडन वायुतळाच्या अगदी शेजारी. तिच्या बाळाचा अकिका ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठरला. ८ ऑक्टोबर हा वायुसेना दिवस, आणि त्या वर्षी दसराही त्याच दिवशी. आम्ही पाच किरकोळ रजा टाकल्या, लग्नांचे फोटो काढणाऱ्या भाच्याचा कॅमेरा मागून घेतला आणि नागपूरहून गाडीत बसलो.

त्या वर्षी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. देशातून तो परतायला लागला तोच मुळी ९ ऑक्टोबरला. रंगीत तालमीच्या सकाळी गच्चीवर झिमझिम सुरू होती. एकाच्या हातात कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात छत्री. कोणाच्या हातात काय होतं ते इथे लिहीत नाही, त्यावरून घरात अजून वाद आहे. त्रेचाळीस फोटो काढले आणि त्रेचाळीसही वाया गेले. करड्या ढगावर चंदेरी विमान. कॅमेऱ्याला धरायला काही सापडेना, भिंग आपलं पुढे-मागे घरघरत राहिलं. जिथे विमान आलं तिथे ते कावळ्याएवढं काळं. रात्री भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, आभाळ उजळ असलं की कॅमेरा फसतो आणि सगळंच काळवंडून टाकतो, तेव्हा उजेड एक घर वाढवा. आणि पंख्याच्या विमानाला शटर फार वेगात ठेवू नका, पंखे थिजलेले येतील, विमान आभाळात टांगल्यासारखं दिसेल. एकशेसाठाच्या आसपास ठेवा. पण तेवढ्या संथ शटरला विमानाबरोबर हात वळवावा लागतो, नाहीतर सगळंच पुसट. दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीतल्या रिक्षांवर हात वळवायचा सराव केला. रिक्षावाल्यांना वाटलं, आम्ही पोलिसांकडून आलो आहोत.

वायुसेना तेव्हा या दिवसांत आसपासच्या लोकांना विनंती करायची, की खरकटं उघड्यावर टाकू नका, घारी-कावळे जमतात आणि विमानाला धडकतात. अकिक्याची दावत नेमकी याच आठवड्यात. हाडं तीन-तीन पिशव्यांत बांधून झाकणाच्या डब्यात ठेवताना अब्बांची लेक चिडून म्हणाली, "विमानासाठी घरात वास कोंडून घ्यायचा का?" अब्बा म्हणाले, "हो."

आठ तारखेला पाऊस नव्हता, पण आभाळ दुधी, धुरकट. सकाळी आठला आकाशगंगा चमूच्या उड्या सुरू झाल्या. आम्हाला गच्चीवरून नुसते ठिपके दिसले. त्या वर्षी पहिल्यांदाच आलेलं दोन पंख्यांचं चिनूक धडधडत गेलं आणि गच्च्यागच्च्यांवरून मुलं ओरडली. अब्बा खुर्चीत खाली मान घालून बसले होते. वर बघायला सांगितलं, तर म्हणाले, "आत्ता नाही."

आम्ही पडद्यात डोळा घालून बसलो होतो. तेवढ्यात मागून अब्बांचा आवाज आला, "आलं." आम्हाला काहीच दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. मग ऐकू आलं. जेटचा कर्कश आवाज नव्हे, जड, खालच्या सुराची घरघर, दोन इंजिनांची, किंचित मागे-पुढे. धुरकटातून ते सावकाश बाहेर आलं. आमच्यापैकी एकाने हात वळवत बटण दाबून धरलं, दुसऱ्याने छत्री टाकून अब्बांची हनुवटी धरली आणि त्यांचं तोंड विमानाकडे फिरवलं. अब्बांना मधोमध तेवढं दिसतं, म्हणून विमानाबरोबर त्यांचं डोकंही आम्ही फिरवत राहिलो. पाच-सात सेकंद असतील. "दिसलं का?" विचारलं तर ते काही बोलले नाहीत. आम्हीही परत विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे खरं.

एकोणीस फोटोंतला एकच बरा आला. पंखे गोल फिरलेले, पण शेपटाचं टोक चौकटीबाहेर, आणि कोपऱ्यात एक घार. वाशिमला तो मोठा छापून घेतला. अब्बांनी तो ट्यूबलाइटखाली धरला, नाकापासून वीतभर अंतरावर, आणि नाकाडापासून शेपटाकडे इंचाइंचाने सरकवत गेले. डाव्या अंगाला, पंखाच्या मागे बोट थांबलं.

"हे दार. इथून थैल्या टाकायचे. दादा खाली उभे असायचे." मग बोट पुढे सरकलं आणि कागदाच्या कडेवर अडखळलं. "शेपूट कोणी कापलं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. ते त्यांना दिसलं नाही.