गळतीचा माग

साक्रीच्या आमच्या घराला धाबे आहे. ज्यांनी असे घर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयाचे, तर मातीच्या जाड भिंतींवर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाल्याचा थर, त्यावर वीतभर माती आणि सर्वांत वर खारी. खारी म्हणजे पांढरट, क्षारयुक्त माती. तिच्यातील सोडियममुळे चिकणमातीचे कण भिजताच सुटे होतात आणि बारीक छिद्रांत जाऊन बसतात. जी माती शेतात शाप, तीच धाब्यावर वरदान. आखाजी झाली की नवी खारी पसरायची, हा आमच्याकडचा जुना नेम. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. इथला बेताचा पाऊस असे छप्पर सहज पेलते.

तरीही आमचे धाबे गळत असे, आणि गळे ते नेमके मधल्या खोलीत, वडिलांच्या ट्रंकेवर. वडील शाळामास्तर. तीस वर्षे त्यांनी अहिराणी शब्द जमवले: बाजारात, लग्नघरी, पांझरेच्या काठी फडांवर ऐकलेले. त्या वह्या या ट्रंकेत. ट्रंक दुसरीकडे हलवावी, असे आम्ही अनेकदा सुचवले. पण ती जागा आजोबांच्या बैठकीची. तेथून ती हलली नाही. पावसाळ्यात तिच्यावर पातेले बसे, एवढेच.

१९९८ साली वडिलांनी ट्रंकेच्या बरोबर वर, धाब्यावर, सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. काही वर्षे बरी गेली. २००६च्या पावसाळ्यात पाणी पुन्हा टपकू लागले आणि आम्ही दोघा भावांनी निदान केले: दोष सिमेंटचा. माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. सिमेंट हलत नाही, म्हणून त्याच्या कडेने भेग पडते. तत्त्व खरेच होते. खऱ्या तत्त्वाने चुकीच्या निदानाला केवढे बळ येते, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. पुढच्या वैशाखात आम्ही तो गिलावा पहारीने फोडून काढला. वडील जिन्याच्या पायरीवर बसून पाहत होते. ते काही बोलले नाहीत. त्या वर्षीही पाणी गळले, त्याच्या पुढच्याही वर्षी. २०१४ साली वडील गेले. घरात मात्र 'नानांनी केलेले सिमेंटचे काम' हे गळतीचे कारण म्हणूनच रूढ राहिले.

माग लागला तो फार उशिरा, गेल्या उन्हाळ्यात. आमच्यातला धाकटा मुंबईत मोटारबोटींच्या दुरुस्तीचे काम करतो. जुन्या बोटीत समुद्राच्या पाण्याइतकाच पावसाच्या पाण्याचा त्रास असतो, असे तो सांगे. खिडकीच्या चौकटीतून किंवा डेकवरच्या एखाद्या ढिल्या बोल्टातून पाणी शिरते, आतल्या लाकडाच्या कडेने हातोहात पुढे सरकते आणि भलत्याच ठिकाणी, बिछान्याखाली, प्रकट होते. म्हणून तेथे ओल दिसली की छिद्र बुजवायला धावत नाहीत. आधी सगळे कोरडे करतात. मग खालून वर, एका वेळी एकाच जागेवर पाणी सोडतात आणि आत एक माणूस बसवतात. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि काही कळत नाही.

आम्ही तसेच केले. तुळयांना खडूची पूड चोळली. मास्तरांच्या घरात खडूंना तोटा नव्हता. एक जण बॅटरी घेऊन खाली, एक जण तांब्या घेऊन वर. पन्हाळापासून आरंभ केला. शेजारचे आबा पाहायला आले. त्यांनी उमेदीच्या काळात फडावर पाटकरी म्हणून काम केलेले. पाटाचे पाणी कोठून निघून कोठे पोहोचते हे पाहण्यात त्यांचा जन्म गेलेला. थोडा वेळ बघून ते म्हणाले, "पानी पडस आठे, पन येस तठून." आणि त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवले.

तेथे टीव्हीच्या छत्रीचा लोखंडी खांब होता. २००६च्या मे महिन्यात आम्हीच, घरात क्रिकेट दिसावे म्हणून, धाब्याला भोक पाडून तो रोवला होता. खांबाशी पाणी ओतताच थोड्या वेळाने तुळईवरच्या पुडीत एक काळी रेघ उमटली. ती लाकडाच्या उताराने दहा-बारा फूट चालत आली, सांध्याशी थबकली आणि ट्रंकेवर पहिला थेंब पडला. वडिलांचा गिलावा त्या वाटेवर कोठेच नव्हता.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची निघाली. खांब काढला, छत्री भिंतीवर घेतली, भोक उकरून त्यात ओली माती धुम्मसाने ठोकली, वर खारी पसरली. पहिल्या मोठ्या पावसात आम्ही रात्रभर ट्रंकेपाशी बसलो. पातेले कोरडे राहिले. आई एवढेच म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतं." साहित्य शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की, अर्थ जेथे दिसतो तेथेच उगम शोधू नये. ते आमच्या घरी आम्हांस वीस वर्षे जमले नाही.

मग वह्या उघडल्या. पेन्सिलीने लिहिलेली पाने ओल खाऊनही वाचता येतात. दौतीच्या शाईची पाने मात्र निळ्या डागांखेरीज काही सांगत नाहीत. अशी चाळीसेक पाने आहेत. आता दर रविवारी आम्ही आईला आणि आबांना घेऊन बसतो. अलीकडचे आणि पलीकडचे शब्द वाचून मधले कोणते असावेत, ते विचारतो. काही सापडतात. लिहून घेतो ते पेन्सिलीने.